तत्त्वज्ञानाचे मूल्य आणि विद्यापीठ : रसेलच्या एका प्रकरणाचे परीक्षण

विद्यापीठात तत्त्वज्ञान का शिकवावे, असा प्रश्न उपस्थित झाला की बर्ट्रांड रसेलच्या 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसफी' (१९१२) या छोटेखानी ग्रंथातील पंधराव्या व अखेरच्या प्रकरणाचा आधार घेण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. 'तत्त्वज्ञानाचे मूल्य' हा त्या प्रकरणाचा विषय. भाषा प्रसन्न, विस्तार बेताचा आणि युक्तिवाद सहज लक्षात राहण्याजोगा, यामुळे ते निवडक उताऱ्यांच्या संग्रहांतून वारंवार छापले गेले आहे. ते वाचून तत्त्वज्ञानाकडे वळलेले विद्यार्थीही थोडे नसावेत. परंतु एखादे समर्थन लोकप्रिय आहे एवढ्यावरून ते प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. या प्रकरणात रसेल नेमके कशाचे समर्थन करतो, हे एकदा काटेकोरपणे पाहणे आवश्यक आहे.

रसेलचे प्रतिपादन थोडक्यात असे. भौतिक शास्त्रांचा उपयोग ती न शिकलेल्यांनाही होतो. तत्त्वज्ञानाचा परिणाम मात्र ज्याने त्याचे अध्ययन केले त्याच्यावरच प्रथम होतो, आणि इतरांवर झालाच तर त्याच्या द्वारा होतो. ज्या प्रश्नांना निश्चित उत्तरे सापडतात ते प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कक्षेतून बाहेर पडून स्वतंत्र शास्त्रे बनतात. खगोलशास्त्र असेच वेगळे झाले, पुढे मानसशास्त्रही झाले. तेव्हा तत्त्वज्ञानाचे मूल्य त्याच्या उत्तरांत शोधण्यात अर्थ नाही. ते त्याच्या अनिश्चिततेतच शोधले पाहिजे. ही अनिश्चितता मनुष्याला रूढ समजुतींच्या बंधनातून सोडविते. शिवाय तत्त्वज्ञान ज्या विषयांचे चिंतन करते त्यांच्या विशालतेमुळे चिंतकाचे मनही विशाल होते. 'स्व'चे कुंपण ओलांडून ते विश्वाकडे निःपक्षपाती दृष्टीने पाहू लागते. रसेल ईश्वरवादी नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेवटच्या भागातील जवळजवळ भक्तिपर वाटणारा सूर अधिकच विलक्षण वाटतो.

या प्रतिपादनात खोटे असे फारसे नाही. मात्र त्यात विद्यापीठाचा मागमूसही नाही, आणि तसे असणे स्वाभाविकच होते. हा ग्रंथ 'होम युनिव्हर्सिटी लायब्ररी' या मालेसाठी लिहिलेला आहे. विद्यापीठाची पायरी चढण्याची संधी न मिळालेल्या किंवा ती सोडून दीर्घकाळ लोटलेल्या सामान्य वाचकाला घरबसल्या विद्या मिळावी, हा त्या मालेचा हेतू मालेच्या नावातच उघड आहे. अशा वाचकाला रसेल जे मूल्य सांगतो ते एकान्तात वाचन व चिंतन करणाऱ्याला मिळणारे मूल्य आहे. एक दिवा, एक ग्रंथ आणि एक शांत मन एवढी सामग्री त्याला पुरते. ज्या प्रकरणात अध्यापक नाही, सहाध्यायी नाही, परीक्षा नाही, त्याच प्रकरणाचा दाखला विद्यापीठातील विभाग टिकविण्यासाठी दिला जावा, ही गोष्ट काहीशी चमत्कारिक आहे. एखाद्या चतुर प्रशासकाने हा ग्रंथ खरोखरच वाचला, तर विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे सभासद करून घ्यावे आणि विभागाचा खर्च वाचवावा, असा निष्कर्ष तो त्यातून काढू शकेल.

तत्त्वज्ञान विद्यापीठाबाहेर जगू शकते, याला तर भरपूर पुरावा आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. कांट, मिल, ग्रीन, स्पेन्सर यांच्या नीतिविचारांशी त्या ग्रंथात जो सामना आहे तो कोठल्याही वर्गात झालेला नाही. स्वतः रसेलनेही गणिताच्या तत्त्वज्ञानाची प्रस्तावना करून देणारा आपला ग्रंथ १९१८ साली ब्रिक्स्टनच्या तुरुंगात लिहिला. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेर येथे स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर हेही विद्यापीठ नव्हते. तरी १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा 'अज्ञान' हा ग्रंथ त्याच मंडळीतून निर्माण झाला. एकाच विषयावर तिघांनी आपापले म्हणणे मांडावे आणि ते एका ग्रंथात शेजारी शेजारी ठेवावे, ही त्या ग्रंथाची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा संबंध पुढे येईल.

तत्त्वज्ञानाचे दुसरे समर्थन उपयुक्ततेचे असते. तर्कशुद्ध विचार करण्याची सवय, लेखनातील नेमकेपणा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून होणारी सोय, इत्यादी. हे समर्थन खोटे नसले तरी दुबळे आहे, कारण तेच गुण विधिशास्त्राने किंवा गणितानेही अंगी येतात, आणि उपयुक्ततेच्या तराजूत बसलेल्याला त्याच तराजूत हलके ठरावे लागते. इंग्लंडमधील मिडलसेक्स विद्यापीठाने एप्रिल २०१० मध्ये आपला तत्त्वज्ञान विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २००८ च्या संशोधन मूल्यमापनात त्या विद्यापीठातील सर्व विषयांत याच विभागाला सर्वांत वरचे स्थान मिळाले होते. गुणवत्ता मान्य होती, हिशेब मात्र जुळत नव्हता. त्या विभागाचे पदव्युत्तर केंद्र पुढे किंग्स्टन विद्यापीठात गेले. या समर्थनाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

विद्यापीठाला मध्यवर्ती स्थान देणारे समर्थन शोधायचे तर एक शतक मागे, कांटच्या 'विद्याशाखांचा संघर्ष' (१७९८) या ग्रंथाकडे जावे लागते. धर्मशास्त्र, विधी आणि वैद्यक या तीन 'वरच्या' विद्याशाखांवर शासनाचे लक्ष असते, कारण त्यांच्या द्वारा प्रजेवर प्रभाव पाडता येतो. तत्त्वज्ञानाची शाखा 'खालची'. तिच्या हाती सत्ता नाही, आणि म्हणूनच केवळ सत्यासत्याचा निर्णय करण्याचे स्वातंत्र्य तिला असले पाहिजे. विद्येच्या सभागृहात ही शाखा डाव्या बाजूला, विरोधी पक्षाच्या बाकांवर बसते, असे कांट म्हणतो. इतर शाखांनी जे गृहीत धरले त्याची उलटतपासणी करणे हे तिचे काम. येथे प्रथमच विद्यापीठ हे केवळ ग्रंथवाचनाचे स्थळ राहत नाही. ज्याला उत्तर देणे भाग आहे असा प्रतिपक्ष तेथे उभा असतो.

कांटचा आधार घेतानाही सावध राहणे इष्ट. त्याच्या काळच्या 'तत्त्वज्ञान शाखे'त इतिहास, भूगोल, गणित, भाषाशास्त्र असे पुष्कळ काही सामावलेले होते. आजचा तत्त्वज्ञान विभाग म्हणजे ती शाखा नव्हे. शिवाय या ग्रंथामागची हकीकत फारशी उत्साहवर्धक नाही. धर्मविषयक लेखनाबद्दल ऑक्टोबर १७९४ मध्ये राजाज्ञेने समज मिळताच कांटने त्या विषयावर पुन्हा न लिहिण्याचे वचन दिले. 'महाराजांचा निष्ठावंत प्रजाजन' या नात्याने दिलेले ते वचन त्या राजाच्या मृत्यूबरोबर संपले, असा अर्थ त्याने स्वतःच लावला आणि १७९७ मध्ये राजा निवर्तल्यानंतर हा ग्रंथ बाहेर काढला. विरोधी बाकावरच्या सभासदाने सभापती बदलेपर्यंत मौन पाळावे, असाच हा प्रकार. रसेलची कथा याच्या उलट. युद्धविरोधी पत्रकाबद्दल शिक्षा झाल्यावर १९१६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्याला अध्यापकपदावरून दूर केले, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील त्याची नेमणूक न्यायालयाने रद्द ठरविली. विद्यापीठे प्रतिपक्षाला नेहमी मानाने वागवितात, असा दावा कोणालाच करता येणार नाही.

तरीही कांटचा मुद्दा मूलतः बरोबर आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला रसेलच्या त्याच ग्रंथात दडलेला आहे. मात्र तो पंधराव्या प्रकरणात नाही. तो बाराव्या प्रकरणात आहे.

बाराव्या प्रकरणाचा विषय सत्य आणि असत्य हा आहे. असत्य समजूत कशी शक्य होते, हा तेथील प्रश्न. डेस्डिमोना कॅसिओवर प्रेम करते, अशी ऑथेल्लोची समजूत आहे. ती चुकीची आहे. मग त्या समजुतीचा विषय कोणता? 'डेस्डिमोनाचे कॅसिओवरील प्रेम' असा पदार्थच जगात नाही. तो आहे असे मानले तर समजूत खरीच ठरेल. यावर रसेलचे उत्तर असे, की समजूत ही मन आणि एक विषय यांच्यातील द्विपदी संबंध नसून अनेकपदी संबंध आहे. ऑथेल्लो, डेस्डिमोना, प्रेम आणि कॅसिओ ही चार पदे त्यात एकत्र गुंफली जातात. ही सर्व पदे वास्तव आहेत. फक्त शेवटच्या तिघांचा त्या क्रमाने बनलेला संघात वास्तवात नाही. म्हणून समजूत असत्य. येथे 'प्रेम' हा संबंध असूनही तो इमारतीतील चुन्याचे काम करीत नाही, तो एका विटेसारखा पदार्थ म्हणून येतो. चुन्याचे काम 'समजणे' हा संबंध करतो, अशी रसेलची मांडणी आहे.

१९११ च्या अखेरीस लुडविग विट्गेनस्टाइन केंब्रिजला रसेलकडे शिकावयास आला. १९१३ च्या मे महिन्यात रसेल ज्ञानमीमांसेवरील एक मोठा ग्रंथ भराभर लिहीत होता आणि समजुतीची हीच उपपत्ती त्याच्या पायाशी होती. चोवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने आक्षेप घेतला, की समजुतीची कोणतीही खरी उपपत्ती अशी हवी की तिच्यात निरर्थक गोष्ट समजणे अशक्य ठरावे. 'प्रेम' हे जर इतर पदांसारखेच एक पद असेल, तर त्याच्या जागी डेस्डिमोना आणि तिच्या जागी प्रेम बसविण्यास आडकाठी कोणती? तसे केल्यास जो शब्दसमूह उरेल त्याला अर्थच नाही. पण रसेलच्या उपपत्तीप्रमाणे तीही एक समजूत ठरेल. रसेलने सुमारे साडेतीनशे पृष्ठे लिहून झाल्यावर तो ग्रंथ सोडून दिला. या आक्षेपाने आपली उभारी खचली, असे त्याने १९१६ मधील एका पत्रात कबूल केले आहे.

आता पंधरावे प्रकरण बाराव्याच्या या दैवगतीसमोर ठेवून पाहावे. पंधराव्यात तत्त्वज्ञ एकटा आहे. त्याचे मन विस्तारत जाते आणि विश्वाशी त्याचा मेळ बसतो. बाराव्याच्या बाबतीत प्रत्यक्षात घडले ते असे, की एक मनुष्य दाराशी आला आणि आपले उत्तर चुकले आहे हे मान्य करणे लेखकाला भाग पडले. या दुसऱ्या घटनेत मनाचा विस्तार नाही, संकोचच आहे. घराच्या दिव्याखाली ग्रंथ वाचणाऱ्याला बारावे प्रकरण पटते किंवा पटत नाही; दोन्ही स्थितींत ग्रंथ जसाच्या तसा राहतो. विद्यापीठात अध्यापकाला उत्तर द्यावे लागते आणि ते देता आले नाही तर ग्रंथ बाजूला ठेवावा लागतो. तत्त्वज्ञानाच्या अनिश्चिततेचे रसेलने एवढे गुणगान केले, पण ती निर्माण कशी होते हे सांगितले नाही. विश्वाच्या भव्यतेतून ती फारशी येत नाही. दुसऱ्याच्या आक्षेपातून येते. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला तो याच कारणाने. सत्य जाणण्याच्या इच्छेने चालणारा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालणारा जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. पहिल्या प्रकाराला नियम, वेळ, समान परिभाषा आणि पराभव मान्य करूनही दुसऱ्या दिवशी परत येण्याची सोय लागते. तत्त्वज्ञानाच्या विद्यापीठीय अध्ययनाचे वेगळे मूल्य असेल तर ते या सोयीत आहे.

ही कसोटी एकदा मान्य केली म्हणजे ती आपल्याकडील विभागांनाही लावावी लागते, आणि तेथे चित्र समाधानकारक नाही. भारतीय तत्त्वज्ञानाची एक प्रश्नपत्रिका आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची दुसरी, अशी विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. एका तासाला शुक्तिरजताचा दृष्टान्त, दुसऱ्या तासाला ऑथेल्लोचा. दोन्ही तास एकाच इमारतीत होतात, पण त्यांची गाठ क्वचितच पडते. वस्तुतः दोघांचा प्रश्न एकच आहे. शिंपल्याच्या जागी रुपे दिसले, तर जे नाही ते कसे दिसले? अन्यथाख्यातिवादी नैयायिकाचे उत्तर असे, की नसलेले काहीच दिसले नाही. समोरचे 'हे' वास्तव आहे, बाजारातल्या रुप्याच्या ठिकाणी रजतत्व वास्तव आहे, समवाय संबंधही वास्तव आहे. फक्त 'हे' आणि रजतत्व यांची येथे झालेली जोडणी वास्तव नाही. सर्व घटक खरे, रचना तेवढी खोटी. १९१२ चा रसेल जवळजवळ हेच म्हणतो.

हे साम्य अनेकांनी पाहिले आहे, आणि केवळ साम्य दाखवून थांबणे हे तौलनिक अध्ययनाचे सर्वांत स्वस्त रूप होय. खरा लाभ भेदात आहे. नव्यन्यायात ज्ञानाच्या विषयाचे तीन प्रकारे भान होते: विशेष्य म्हणून, प्रकार म्हणून आणि संसर्ग म्हणून. 'हे रुपे' या ज्ञानात समवाय हा विशेष्यही नाही आणि प्रकारही नाही. तो संसर्गाच्या रूपानेच भासतो. त्याचा स्वतंत्र उल्लेख केला की ज्ञानच बदलते. म्हणजे संबंधाला वीट मानावयाचे की चुना, या प्रश्नावर नैयायिकाची भूमिका आधीच ठरलेली आहे. रसेलला जो आक्षेप बाधला तो त्याच्यावर त्याच स्वरूपात येत नाही. परंतु येथेही थांबता येत नाही. संसर्गता मानणे म्हणजे अडचणीचे निराकरण झाले, की अडचणीला केवळ नाव मिळाले? कोणता पदार्थ संसर्ग म्हणून भासू शकतो आणि कोणता नाही, याचा नियम नैयायिकाने दिला पाहिजे. तो दिला नाही तर विट्गेनस्टाइनचा प्रश्न दुसऱ्या दाराने आत येतो. आणि भ्रमाचे ज्ञान एक नसून दोन आहेत, त्यांतील भेद तेवढा कळला नाही, असे म्हणणारा प्राभाकर मीमांसक तर या सर्व खटाटोपाची गरजच नाकारतो. गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त त्याचा पूर्वपक्ष ज्या निष्ठेने मांडला आहे, तितक्या निष्ठेने प्रतिपक्ष मांडण्याची सवय आजच्या प्रबंधांतून दुर्मीळ झाली आहे. तेथे पूर्वपक्ष बहुधा एका परिच्छेदात, आधीच हरलेल्या अवस्थेत, हजेरी लावून जातो.

अशी गाठ प्रत्यक्षात घालून देण्याचा एक प्रयत्न १९८३ मध्ये पुण्यात झाला. दयाकृष्ण आणि प्रा. मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने रसेलची विधानविषयक मते संस्कृतात मांडण्यात आली आणि ती परंपरागत न्यायपंडितांपुढे विचारार्थ ठेवण्यात आली. तो विचारविनिमय पुढे १९९१ मध्ये 'संवाद' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्यांना तोपर्यंत इतिहासाचा ऐवज समजले जात होते त्या पंडितांना येथे विचाराचे प्रतिस्पर्धी म्हणून बोलाविले गेले, ही या उपक्रमाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि विषय रसेलचा आणि परीक्षक पंडित, अशी योजना असल्यामुळे प्रश्न एकाच दिशेने वाहिले, ही त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. संसर्गतेचा प्रश्न केंब्रिजच्या पद्धतीने शिकलेल्यांना घालून त्यांच्याकडून उत्तर मागणे हे उलट दिशेचे कामही तितकेच आवश्यक आहे. शिवाय जे काम वर्गात दर आठवड्याला व्हावयाचे त्यासाठी विशेष सभा भरवावी लागते, ही गोष्ट विभागांच्या दृष्टीने भूषणावह म्हणता येत नाही.

कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी 'विचारातील स्वराज्य' या आपल्या व्याख्यानात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. भट्टाचार्य काही काळ अमळनेरच्या संस्थेचे संचालक होते. हे व्याख्यान मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. परकीय कल्पना आल्या हे त्यांच्या मते दास्य नव्हे. आपल्या कल्पनांशी त्यांची तुलना आणि स्पर्धा न होताच त्यांनी जागा घेतली, हे दास्य. जे परके म्हणून नाकारले जाते त्याचीही तुलना झालेली नसते, हेही त्यांच्या विचारातून ओघाने निघते. पण त्यांचे नाव घेणाऱ्या अनेकांना ही दुसरी बाजू दिसत नाही.

येथे भाषेचाही एक प्रश्न आहे, आणि तो परिभाषा समित्यांवर सोपविण्याइतका किरकोळ नाही. मराठी तर्कशास्त्रात रसेलच्या 'प्रपोझिशन' या संज्ञेला 'विधान' म्हणतात. १९०३ च्या रसेलला या संज्ञेने जो पदार्थ अभिप्रेत होता तो वाक्यही नव्हे आणि कोणाचे ज्ञानही नव्हे. कोणी उच्चारो वा न उच्चारो, तो असतोच. 'विधान' या मराठी शब्दात मात्र करण्याची क्रिया आहे. विधान कोणीतरी करावे लागते. उलट नैयायिकाच्या दृष्टीने सत्यता हा ज्ञानाचा धर्म आहे, आणि ज्ञानाहून वेगळे असे हे तिसरे काही त्याला मान्य होण्याचे कारण नाही. म्हणजे मराठीतून शिकणारा विद्यार्थी 'विधान' हा शब्द लिहितो तेव्हा त्याने नकळत रसेलच्या विरुद्ध आणि नैयायिकाच्या काहीसा जवळचा पक्ष घेतलेला असतो. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये सिद्ध झालेल्या तीन खंडांच्या 'मराठी तत्त्वज्ञान महाकोशा'ने परिभाषेचे मोठेच काम केले. पण कोश पर्याय देऊ शकतो, पर्यायात दडलेला वाद वर्गातच उकरावा लागतो. इंग्रजी हे माध्यम असलेल्या विद्यार्थ्याला हा वाद दिसणार नाही, कारण त्याचा शब्द कोठे अडत नाही. मराठी विद्यार्थ्याची ही अडचण म्हणजे त्याचे भांडवल आहे, ही गोष्ट अजून पुरती ओळखली गेलेली नाही.

रसेलने टाकून दिलेले १९१३ चे हस्तलिखित त्याच्या हयातीत ग्रंथरूप पावले नाही. त्यातील आरंभीची प्रकरणे तेवढी १९१४-१५ मध्ये लेखरूपाने आली. संपूर्ण उपलब्ध भाग १९८४ साली प्रकाशित झाला. पुण्यातील पंडितांपुढे रसेलचे मत ठेवले गेले ते त्याच्या आदल्या वर्षी. विट्गेनस्टाइनच्या आक्षेपाने थांबलेल्या त्या पानांवर न्यायपंडितांचे म्हणणे काय पडले असते, हा प्रश्न अजून कोणीतरी हाती घेण्यासारखा आहे.